नाळेचं रक्त आणि निळा अंगठा

माझ्या जिभेनं आजवर पुष्कळ उचापती केल्या, पण एका गरोदर बाईचा जीव टांगणीला लागावा एवढा पराक्रम तिनं एकदाच केला. आता मी आजी झाले. नातवंडं माझं बोलणं मोबाइलमधनं डोकं वर न काढता ऐकतात, त्यामुळे माझ्या जिभेपासून कुणाला काही धोका उरलेला नाही. तेव्हा होता. तेव्हा मी परभणीच्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते. वय शेहेचाळीस, नोकरी चोवीस वर्षांची, आणि आपल्याला सगळं कळतं ही पक्की खात्री. एवढी शहाणी बाई मी पुढं आयुष्यात पुन्हा पाहिली नाही.

झालं ते असं. सकाळची ड्यूटी संपली, पण दुपारची सिस्टर आलीच नाही, म्हणून ती ड्यूटीही माझ्याच गळ्यात पडली. पाय सुजून चपलेत मावेनात. दोन खाटांवर तीन बाया, तिसरीची सासू जमिनीवर, आणि तिच्यावरनं उड्या मारत मी. ही सासू झरी गावची. तिची सून चार दिवसांपासून बीपी चढला म्हणून आमच्याकडं भरती होती. म्हातारीनं सकाळपासून माझा पदर सोडला नव्हता. "शिष्टर, त्या डाक्टरीणबाई नाळंचं रगत कशाला मागायल्यात? त्यात काय बघत्यात?" एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी बेजार होऊन म्हणाले, "नशीब बघतात, मावशी. सटवाई पाचवीला येऊन कपाळावर लिहिते, आमच्या बाई पहिल्याच मिनिटाला रक्तात वाचून मोकळ्या होतात."

म्हातारी हसली नाही. मी मात्र स्वतःच्याच विनोदावर हसत चहा प्यायला गेले. चहात साखर जास्त झाली होती, हेसुद्धा आठवतंय. म्हातारीचा चेहरा कसा झाला होता, तेवढं बघायचं राहिलं.

यातली खरी गंमत अशी, की नशीब तर सोडाच, संध्याकाळपर्यंत काय होईल हेसुद्धा ज्या बाई कधी सांगत नसत, त्यांच्यावर मी हे कुभांड रचलं होतं.

डॉक्टरबाई मूळच्या मानवतच्या. उंच, वाळक्या, चालताना एक खांदा पुढं, जसा काही वारा कायम समोरूनच येतोय. डॉक्टर म्हणजे 'घाबरू नका, सगळं ठीक होईल' असं म्हणणारा माणूस, ही आपल्याकडं सगळ्यांची समजूत. बाईंच्या तोंडून ते वाक्य मी एकदाही ऐकलं नाही.

"बाई, माझी लेक सुटंल ना सुखरूप?"

"माहीत नाही."

"लेकरू तर बरं निघंल ना?"

"माहीत नाही."

"मग तुमाला माहीत तरी काय हाय?"

"लय कमी. म्हणून तर बघायलेय."

नातेवाईक चिडायचे. माझ्याकडं तक्रार आणायचे, की दुसरा डॉक्टर द्या, हिला काही येत नाही. मीही मनातून त्यांच्याच बाजूची. पण एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. 'ठीक होईल' म्हणणारे ते वाक्य म्हणून घरी जेवायला जायचे. 'माहीत नाही' म्हणणाऱ्या बाई त्या पेशंटच्या खाटेजवळ बादली उपडी घालून बसलेल्या असायच्या, खिशातले फुटाणे खात.

बीपी मोजायचा पट्टा त्यांच्या गळ्यात असायचा, जसा दुसऱ्या बायकांच्या गळ्यात एखादा दागिना. जो सापडेल त्याचा दंड त्या धरायच्या. वॉचमनचा, चहावाल्याचा, चौकशीला आलेल्या साहेबांचा. एकदा मी त्यांच्याशी कडाकडा भांडत होते, बादलीवरनंच असेल. त्यांनी मुकाट्यानं माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "चालू द्या, सिस्टर. भांडताना किती चढतो ते बघू." चढला होता. मला गोळी सुरू झाली ती त्या भांडणामुळे, आणि आज मी हे लिहायला बसले आहे ती बहुतेक त्या गोळीमुळे.

त्यांच्या हातात कायम एक दुधाची किटली. आत दूध नाही, बर्फ. बर्फात छोट्या नळ्या उभ्या. दवाखान्याच्या दारातली पोरं त्यांना कुल्फीवाली म्हणायची आणि बाई ओ द्यायच्या. बाळ जन्माला आल्याची वेळ त्या कागदावर नंतर लिहायच्या, आधी तळहातावर. निळं पेन, निळा तळहात, त्याच हातानं फुटाणे. मी नाक मुरडायचे.

आता त्या नळ्यांचं सांगते. गरोदरपणात ज्यांचा बीपी चढतो, तोंड-पाय सुजतात, लघवीतून प्रथिनं जायला लागतात आणि वेळेवर आवरलं नाही तर झटके येतात, अशा बाया आमच्याकडं कायम यायच्या. आईचं काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. पोटातल्या बाळावर त्याची काय छाप उठते, हे बाईंना बघायचं होतं. बाळ झालं, नाळ कापली, की वारेकडच्या, म्हणजे आत बाळाला पोसणाऱ्या गोळ्याकडच्या टोकात थोडं रक्त उरतं. एरवी ते मोरीत जातं. बाई तेच मागायच्या. त्या रक्तात काही बारीक खुणा असतात, म्हणे. वारेनं बाळाला काय पुरवलं, काय तोडलं, बाळानं आत किती ओढाताण सोसली, याच्या. दिसायला बरी असलेली दोन बाळं, पण त्यातलं कोणतं पुढं जास्त जपावं लागेल, हे त्या खुणांवरून आधी कळेल का, एवढाच त्यांचा प्रश्न. कळतं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. कळेल का, एवढंच.

आणि वार! आम्ही ती पिशवीत बांधून नातेवाइकांना पुरायला द्यायचो, तोंड फिरवून. बाई ती आधी ताटात पसरायच्या आणि भाकर दोन्ही अंगांनी भाजली का बघावं तशी उलटसुलट बघायच्या. "ही बघा, इथं करपली. इथनं पुढं बाळाला काही पोचलंच नाही." एकदा ताटाकडं बघत, माझ्याशी का स्वतःशी कोण जाणे, म्हणाल्या, "नऊ महिने हिनं एकटीनं रांधलं, सिस्टर. हिला कुणी विचारलं का, बाई, दमलीस का म्हणून?" त्या दिवशी मीच इतकी दमले होते, की मला वाटलं माझ्याबद्दलच बोलतायत. डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं, वारेबद्दलच होतं.

पण मला सगळ्यात जास्त राग यायचा तो त्यांच्या परवानगी विचारण्याचा. आमची पद्धत सोपी. कागद पुढं करायचा, 'इथं सही करा' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. बाई बादली ओढून बसायच्या आणि सगळं सांगायच्या. रक्त कुठलं, किती, बाळाच्या अंगातलं नाही, वारेतलं. कुठं जाणार, कशासाठी. आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी म्हणायच्या, "यात तुमचा फायदा काहीच नाही. नको असेल तर नको म्हणा." झालं! निम्म्या बाया नको म्हणायच्या. बाई मान हलवायच्या, किटली उचलायच्या आणि तरीही त्याच बाईच्या उशाशी बसून राहायच्या. मी म्हणायचे, हा काय वेडेपणा. दुकानदारानं गिऱ्हाइकाला 'माझा माल घेऊ नका' म्हणावं तसला.

झरीची ती सून हो म्हणाली होती. सासूही. ही पोरगी बाईंसाठी वेगळी होती. आदल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलेलं. या खेपेला ती चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला झरीहून जीपमधनं यायची, न चुकता, आणि बाई तिचं रक्त तपासून ठेवायच्या. इतक्या आधीपासून इतकी नियमानं आलेली दुसरी कुणी नव्हती. आता बाळ झालं की नाळेचं रक्त, म्हणजे साखळीतली शेवटची कडी. बाई बोलल्या नाहीत, पण त्या आठवड्यात किटलीतला बर्फ त्या दिवसातनं दोनदा बदलायला लागल्या होत्या.

मी नशिबाचा विनोद केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले, तर तिची खाट रिकामी. चादरीची घडी घालून ठेवलेली. शेजारची म्हणाली, "पहाटंच गेल्या दोघी. सासू म्हणत होती, न्हाई ऱ्हायचं इथं."

बाई पट्टा घेऊन आल्या. रिकाम्या खाटेवर बसल्या. मी त्यांना कधी खाटेवर बसलेलं पाहिलं नव्हतं. काल संध्याकाळचा त्या पोरीचा बीपी आम्हा दोघींना पाठ होता. औषध मिळालं नाही तर झटका कधी येईल याचा नेम नव्हता. आई आणि बाळ, दोन्ही जाऊ शकत होती.

"का गेल्या?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. त्यांचंच वाक्य त्यांच्याच तोंडावर, आणि तेही खोटं.

"चला," बाई म्हणाल्या.

आम्ही अख्खी जीप केली. बाईंनी पिशवीत इंजेक्शनं घेतली आणि किटली वॉर्डातच ठेवली. माझ्या ते ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पळाट्या उभ्या होत्या, शेवटची वेचणी चाललेली. मी मनात वाक्यं जुळवत होते, 'बाई, एक सांगायचंय.' झरी आलं तरी ती वाक्यं जुळलेली नव्हती.

म्हातारी ओट्यावर तूर निवडत बसली होती. सून आत, भिंतीला टेकून, डोक्याला फडकं बांधून. डोकं ठणकायलंय म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकायलेत म्हणाली. आम्हाला दोघींना त्याचा अर्थ कळला, झटका जवळ आलाय. बाई ओट्यावर चढायला लागल्या तशी म्हातारी आडवी आली.

"तितंच थांबा. आमची सून न्हाई यायची."

"का, मावशी?"

"तुमी लेकराचं नशीब वाचता म्हणं. सटवाईच्या आधी कुणी वाचलं, तर ती मग लिवायलाच येत न्हाई. कोरं कपाळ घिऊन लेकरू किती दिस जगंल? मागचं एक गेलंय आमचं."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. मी तुरीकडं पाहिलं. आजही मला तूर निवडायला आवडत नाही.

"सांगितलं एका मान्सानं," म्हातारी म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं, देव जाणे.

मी तोंड उघडायला हवं होतं. 'मावशी, मी थट्टा केली होती,' एवढंच. पण चोवीस वर्षांची नोकरी, कडक इस्त्रीचा गणवेश, आणि आत बसलेली ती शहाणी सिस्टर. तिनं मला बोलू दिलं नाही.

बाई पायरीवरच बसल्या. "मावशी, मला रक्त नको."

"आता म्हणताल. तिकडं गेल्यावर घेताल."

"लिहून देते." बाईंनी पिशवीतून परवानगीचाच कागद काढला, उलटा केला, पाठीमागं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: या बाळाच्या नाळेचं रक्त मी घेणार नाही. खाली सही केली.

म्हातारीनं कागद हातात घेऊन बघितला. "ह्या रेघोट्या मला काय कळत्यात? अंगठा लावा. आमचा लावून घेता ना?"

जीपवाला फिस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनातली कांडी काढली, अंगठ्यावर शाई घासली आणि कागदावर अंगठा दाबला. म्हातारीनं तो उजेडात धरून पाहिला आणि चोळीत ठेवला. तरी दारातनं हलेना. मग खाली वाकून, हळू आवाजात तिनं विचारलं, "आता खरं सांगा, बाई. लेकराची आण हाय. रगतात काय दिसतं तुमाला?"

"माहीत नाही, मावशी," बाई म्हणाल्या. त्या इतक्या दमलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "किती दिवस झाले, बघायलेय. अजून मला काहीच कळलेलं नाही. हिचं लेकरू वाचेल का, तेसुद्धा माहीत नाही. इथं ठेवलं तर बहुतेक वाचणार नाही, एवढं माहीत आहे."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आत वळून ओरडली, "ऊठ गं पोरी! ह्या बाईला काईच कळत न्हाई. चल, काई भ्या न्हाई."

औषधाची दोन इंजेक्शनं बाईंनी तिथंच दिली, दोन्ही कुल्ल्यांत. फार दुखतात ती. पोरगी हूं की चूं न करता जीपमध्ये बसली. कळा वाटेतच सुरू झाल्या. दिवेलागणीच्या आत बाळ झालं. मुलगी. एवढीशी, माझ्या दोन ओंजळींत मावेल अशी, पण रडली.

आणि मी दुसरा मूर्खपणा केला. बाई बाळाला घेऊन बालरोगाच्या डॉक्टरांकडं धावल्या. मागं मी, ताटात वार, आणि नाळेच्या टोकात ते रक्त. मला वाटलं, आपण घाण केली, आपणच निस्तरावी. सुई घेतली, नळी भरली, ॲप्रनच्या खिशात टाकली. कुणाला कळणार होतं? बाई परत आल्यावर त्यांच्या हातात ठेवली. "घ्या. तुमची शेवटची कडी."

नळी अजून कोमट होती. बाईंनी ती मुठीत धरली. क्षणभर मला वाटलं, ठेवतील.

"कुणाला विचारलंत?"

मी ताटातली वार पिशवीत भरायला लागले.

त्यांनी नळाखाली नळी ओतली, तीनदा विसळली आणि उपडी घालून ठेवली. मोरीत गुलाबी पाणी गोल फिरत गेलं. मला रागावल्या नाहीत. बादलीवर जाऊन बसल्या आणि खिशात फुटाणे शोधायला लागल्या. नव्हते.

मुलगी काचेच्या पेटीत राहिली. आईचा बीपी उतरायला वेळ लागला, त्यामुळे पाचवी वॉर्डातच आली. म्हातारीनं आवारातला एक गोटा धुऊन आणला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद मांडला. लिहायला पेन हवं. म्हातारीनं ते बाईंकडंच मागितलं, आणि बाईंनी तेच निळं पेन दिलं. पुढचे दिवस बाई शिसपेन्सिलीनं तळहातावर लिहायचा प्रयत्न करत होत्या. उठत नव्हतं.

तीन-चार दिवसांनी मुलीची नाळ गळली. म्हातारी फडक्यात बांधून घेऊन आली. पेन टेबलावर ठेवलं, शेजारी पुरचुंडी ठेवली. "तिचं लिवून झालं, बाई. आता तुमाला काय बघायचं ते बघा. ही घ्या नाळ."

सुकलेली, काळी, करंगळीच्या पेराएवढी. ती बघून त्यांना काडीचा उपयोग नव्हता, हे मलासुद्धा कळत होतं. मला वाटलं, आता तरी बाई गोड बोलतील.

"यातनं काही कळायचं नाही, मावशी," बाई म्हणाल्या.

"मंग ठिवा नुसती. तुमी आमच्यासाठी अंगठा लावला."

म्हातारी गेली. बाईंनी नळ्या ठेवायचा फ्रीज उघडला. बाकीच्या नळ्यांवर असते तशी चिठ्ठी कापली, डिंक लावला. काही वर्षांनी बाईंची बदली झाली. त्यांचं ते काम कुठंसं छापून आलं. मला त्यातलं शीर्षकसुद्धा धड वाचता आलं नाही. फ्रीज रिकामा करताना ती पुरचुंडी मात्र त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातली, हे मी पाहिलं.

पण मी त्या सकाळचं सांगत होते. त्या चिठ्ठी चिकटवत होत्या, मी पाठीमागं उभी. दहा दिवस जुळत नव्हतं ते वाक्य आपोआप बाहेर पडलं. "बाई, ते नशीब वाचायचं... ते मी बोलले होते."

त्यांनी वर पाहिलं नाही. पेनाचं टोपण काढलं, चिठ्ठीवर झरी असं लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली. मग म्हणाल्या,

"माहीत होतं, सिस्टर. लोकांना तुमचं खोटंसुद्धा लगेच पटतं, माझं खरं पटत नाही. उद्यापासून परवानगी तुम्ही विचारायची."